ओल्या पायाची फरशी

पत्र

ताई, जुळे सोलापुरातलं आमचं घर वीस वर्षांचं आहे. आता स्वयंपाकघर आणि बाथरूम नवीन करायला काढलंय. ह्यांनी दुकानातून दोन बाय चारच्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइलचा नमुना आणलाय. दोन्हीकडे हीच लावू, भाव चांगला मिळतोय, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्या म्हणतात, आपली शहाबादीच बरी. मिस्त्री म्हणतो, जुनी फरशी फोडू नका, वरूनच लावून देतो, खर्च वाचेल. बाथरूमच्या पलीकडे बेडरूम आहे, तिथल्या भिंतीचा रंग खालून गुडघाभर सुटलाय. बोअरच्या पाण्याने जुन्या टाइल्सवर पांढरे थर बसलेत ते वेगळंच. पैसे मोजके आहेत. कुणाचं ऐकू?
— एक सून, जुळे सोलापूर

उत्तर

वहिनी,

बाथरूमच्या जमिनीपुरतं सासूबाईंचं ऐका. शहाबादीच आणा असं मी म्हणणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण त्या शहाबादी का मागतात ते नीट समजून घ्या. शहाबाद इथून फार लांब नाही, वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचंच गाव. तिथला दगड आपल्याकडच्या जुन्या घरांत ओसरीपासून मोरीपर्यंत सगळीकडे घातलेला असायचा, आणि बिनपॉलिशच्या शहाबादीवर ओला पाय ठरतो. सासूबाईंची हयात त्या फरशीवर गेली. त्यांना दगड हवा आहे असं मला वाटत नाही, त्यांना पाय ठरायला हवा आहे. तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण आधी हा सोडवा. बाकीच्यांची उत्तरं बरीचशी त्याच्या मागोमाग येतात.

मी हे एवढ्या आग्रहाने लिहिते त्यामागे आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे. आमचं बाथरूम केलं तेव्हा टाइल मी निवडली होती. क्रीम रंगाची, आरशासारखी. दुकानात ती कोरडी होती आणि माझ्या पायात चप्पल होती. घरी तिच्यावर साबणाचं पाणी सांडलं आणि आई अनवाणी आत गेली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघाल्यावरही ती चौकटीला धरल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे, आणि आपल्याच घरात तिला अशी भीती बसली याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी ती फरशी फोडून दुसरी बसवली तेव्हा कुठे तिचा हात चौकटीवरून सुटला.

म्हणून आजच एक काम करा. यजमानांनी आणलेला नमुना बाथरूममध्ये सपाट ठेवा, वर तांब्याभर पाणी ओता, अंगाच्या साबणाचा फेस चोळा. मग भिंतीला धरून एक पाय त्यावर टेकवा आणि जरा पुढे ढकलून बघा. हे तुम्ही स्वतः करा किंवा यजमानांना करायला सांगा, सासूबाईंना मात्र अजिबात करू देऊ नका. चकचकीत पॉलिशच्या टाइलवर पाय सरकन पुढे जाईल. यजमानांनी हे एकदा आपल्या तळपायाने अनुभवलं की त्यांना वेगळं पटवावं लागणार नाही.

दुकानात गेल्यावर टाइलच्या घसरणीचा दर्जा विचारा. चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये तो छापलेला असतो. आर-९ पासून आर-१३ पर्यंत आकडे असतात, जितका मोठा आकडा तितकी पकड जास्त. ही मोजणी करताना टाइल लावलेल्या फळीवर तेल टाकतात, त्यावर बूट घातलेला माणूस चालवतात आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. दहा ते एकोणीस अंशांदरम्यान तो घसरला तर आर-१०, एकोणीस ते सत्तावीसच्या दरम्यान घसरला तर आर-११. अनवाणी पायांची चाचणी वेगळी असते, तिच्यात तेलाऐवजी साबणाचं पाणी वापरतात आणि ए, बी, सी असे दर्जे देतात. बी म्हणजे निदान अठरा अंशांच्या उतारापर्यंत ओला पाय टिकला. तुमच्या बाथरूमसाठी आर-११ किंवा अनवाणी चाचणीतला बी मागा. दुकानदार नुसतं ‘मॅट आहे, घसरत नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. मॅट म्हणजे चकाकी नाही एवढंच. काही मॅट टाइल्स हाताला मेणासारख्या गुळगुळीत लागतात, आणि ओल्या झाल्या की त्यांच्यावरही पाय घसरतो.

याच्या उलटही होतं. घसरू नये म्हणून लोक खोल खाचांची, खडबडीत नक्षीची टाइल आणतात आणि सहा महिन्यांत वैतागतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. खाचेत पाणी राहिलं, वाळलं, की मागे पांढरा थर उरतो. त्यात साबणाचा मळ बसतो, आणि मग ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसून घासत राहायचं. बारीक पॉलिशपेपरवर बोट फिरवल्यासारखी जी टाइल लागेल ती घ्या. पायाला पकड मिळते आणि वायपर सरळ फिरतो. रंग मधला ठेवा: वाळूसारखा, फिकट राखाडी किंवा बदामी. काळ्या आणि गडद निळ्या टाइलवर क्षाराचा एकेक थेंब दिसतो, पांढऱ्यावर एकेक केस.

आता आकार. दोन बाय चारची टाइल बाथरूमच्या जमिनीवर नकोच, मग ती कितीही खरखरीत असू दे. बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी ढाळ लागतो, आठ फुटांत साधारण एक इंच. एवढी मोठी टाइल अशा ढाळावर बसवायची तर ती तिरकी कापावी लागते. मिस्त्रीला ते किचकट वाटतं, मग तो ढाळ कमी करतो आणि कोपऱ्यात पाणी साचून राहतं. एक बाय एकची टाइल ढाळाबरोबर आपोआप वळते. शिवाय सांधे जास्त आले की पायालाही अडसर जास्त मिळतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे बाथरूममध्ये भरलेले ड्रम असतातच आणि ते सरकवलेही जातात. म्हणून जमिनीला जमिनीचीच टाइल घ्या. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आतून सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, आणि ड्रमच्या कडेखाली तडकते. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल, अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. दुकानात फरक बघायचा तर दोन्ही टाइल्स पालथ्या घालून मागच्या बाजूला पाण्याचे चार थेंब टाका. सिरॅमिकवर बघता बघता डाग पसरेल, व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच उभा राहील.

मिस्त्रीच्या म्हणण्यावर माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बाथरूमची जुनी फरशी फोडायलाच हवी. टाइलवर टाइल लावता येते, त्यात गैर काही नाही, पण खालची पक्की असेल आणि ओल नसेल तेव्हा. तुमच्या बेडरूमच्या भिंतीचा रंग गुडघाभर सुटलाय, म्हणजे पाणी आधीच फरशीखाली शिरलंय. नळाचा सांधा गळत असेल, ट्रॅपची कड फाटली असेल किंवा वॉटरप्रूफिंग संपलं असेल. वरून कितीही भारी टाइल लावली तरी खाली पाणी आपला रस्ता सोडणार नाही. दोन वर्षांत तीही फोडावी लागेल आणि वाचवलेला खर्च दामदुप्पट जाईल. वरून लावल्याने जमीनही पाऊण इंचाच्या आसपास उंच होते. मग दार घासतं, आणि बाहेरच्या खोलीत पाणी जाऊ नये म्हणून उंबरा वाढवावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी उंच उंबरा म्हणजे रोजची शिक्षा.

फोडल्यावर पाइपांचे सांधे बघून घ्या, मग वॉटरप्रूफिंगचा थर द्या. तो जमिनीपुरता थांबवू नका. भिंतीवर निदान फूटभर चढवा आणि अंघोळीच्या जागी डोक्याच्या उंचीपर्यंत न्या. थर वाळला की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा आणि दोन दिवस तसंच ठेवा. तुमचं बाथरूम सहा बाय आठचं धरलं तर सव्वादोनशे लिटर पाणी लागेल, म्हणून नळाला पाणी येण्याचा दिवस बघून हे ठरवा. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. दोन दिवसांनी पाणी रेघेच्या फार खाली गेलं नसेल आणि पलीकडची भिंत कोरडी असेल, तरच टाइल्सचे बॉक्स उघडू द्या. या दोन दिवसांसाठी मिस्त्री घाई करेल, पण तुम्ही ठाम राहा.

यजमानांच्या नमुन्यावर मात्र काट मारू नका. ती दोन बाय चारची पांढरी चकचकीत टाइल ओट्यामागच्या भिंतीला फार छान शोभेल. ओट्यावर दोन फुटांचा डॅडो, म्हणजे भिंतीवर टाइलचा पट्टा, करायचा असेल तर ती आडवी लावा. दोन फूट उंची एका टाइलमध्ये झाकते आणि दहा फुटांच्या ओट्याला अडीच टाइल्स पुरतात, म्हणजे अख्ख्या भिंतीवर उभे सांधे फक्त दोन. फोडणीचं तेल, हळद, चटणीचा लाल शिंतोडा, सगळं एका फडक्याने निघतं, कारण हे डाग गुळगुळीत टाइलवर टिकत नाहीत, सांध्यांत टिकतात. एक बाय दीडच्या नक्षीदार टाइल्स लावलेलं एक स्वयंपाकघर मी पाहिलंय. टाइल्स लखलखीत होत्या, पण शेगडीमागचे सांधे तेवढे हळदीने पिवळे, आणि खाली ओट्याला टेकतात तिथे तेलाने काळे. घरातल्या बाईंनी दात घासायच्या ब्रशने घासून घासून सांध्यांतलं सिमेंट खरवडून काढलं होतं, तरी पिवळेपणा गेला नव्हता.

मात्र ही टाइल वजनाला साधारण पंधरा किलो भरते आणि पाणी पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या मालाने भिंतीला नीट धरत नाही. तिला व्हिट्रिफाइडसाठीचा अॅडेसिव्हच लागतो, तोही दात्याच्या पट्टीने मागे पूर्ण पसरून. बरेच मिस्त्री चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून टाइल दाबतात. मागे पोकळी राहते आणि खिळा मारताना किंवा भांडं आपटल्यावर तिथेच चीर जाते. काम झाल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा, ‘बद्द’ आवाज आला तर ती काढून पुन्हा लावायला सांगा, आणि हे सगळं शेवटचे पैसे देण्याआधी करा. आपल्या उन्हाळ्यात अॅडेसिव्हवर फार लवकर साय धरते. एप्रिल-मेमध्ये काम काढलं असेल तर भिंत आधी ओलसर करून घ्या, सकाळचे तास धरा, आणि एका वेळी दोन टाइल्सपुरताच माल पसरू द्या.

स्वयंपाकघराच्या जमिनीला दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड पुरे, आर-१० बघून. तिथेही खोल नक्षी नको. भाकरी थापताना उडालेलं पीठ खाचांत बसतं, त्यावर पाणी पडलं की खळ होते. एक गोष्ट आवर्जून तपासा. दुकानदाराकडे त्याच टाइलचा तुटका तुकडा मागा आणि कडेकडे बघा. काही टाइल्सचा रंग वरच्या कागदाएवढ्या थरापुरता असतो आणि आतली माती अगदी वेगळ्या रंगाची. हातातून बत्ता पडला की तेवढाच टवका उडतो आणि बदामी फरशीत पांढरा डोळा उघडतो. आतला रंग वरच्या रंगाच्या जवळचा असेल अशी टाइल घ्या. शेंगदाण्याची चटणी अजून घरी कुटणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

ग्राऊट म्हणजे सांधे भरायचा माल. दोन्ही खोल्यांत इपॉक्सी ग्राऊट वापरा. सिमेंटच्या ग्राऊटपेक्षा ते कितीतरी महाग आहे आणि लावायला हात सरावाचा लागतो, पण ते पाणी आणि तेल पीत नाही. पैसे कमी पडतील तर बाथरूमच्या भिंतींना साधी सिरॅमिक टाइल घ्या, एक बाय दीडची, बिननक्षीची. तिथे वाचलेले पैसे वॉटरप्रूफिंगला आणि इपॉक्सीला लावा. दोन टाइल्समध्ये फट राखणारे दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घालूनच टाइल्स बसवायला सांगा. ‘सांधा दिसणार नाही इतकी चिकटून लावतो’ असं मिस्त्री अभिमानाने सांगेल, पण तशा फटीत ग्राऊट शिरतच नाही आणि पाणी मात्र शिरतं. इपॉक्सी थोडं थोडंच कालवू द्या, उन्हाळ्यात ते फार लवकर घट्ट होतं. टाइलवर राहिलेला त्याचा चिकट थर तेव्हाच्या तेव्हा पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी तो निघत नाही.

पांढऱ्या थरांसाठी अॅसिड वापरत असाल तर नव्या फरशीवर ते बंद करा. अॅसिड सिमेंटचे सांधे खातं, आणि शहाबादी तर चुनखडीचाच दगड, त्याला ते थेट जाळतं. कडाप्पाचंही तसंच, त्यावर लिंबू पिळलेलं राहिलं तरी डाग पडतो. शहाबादी बाथरूममध्ये नको म्हणते ते यासाठी: ती साबण आणि तेल शोषते, आणि क्षार काढायचा एकही सोपा उपाय तिला चालत नाही. मागच्या दारी भांडी घासायची जागा असेल तिथे जरूर घाला, सासूबाईंनाही बरं वाटेल. बाथरूममध्ये अंघोळीनंतर वायपर फिरवायची सवय लावा. थर धरलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, पुसा आणि साध्या पाण्याने धुवा.

खरेदीचा हिशोब: सहा बाय आठची जमीन ४८ चौरस फूट. कापण्यात जातात म्हणून दहा टक्के जास्त धरा, साधारण ५३. एक बाय एकच्या दहा टाइल्सच्या बॉक्समध्ये ९.७ चौरस फूट येतात, म्हणजे सहा बॉक्स. भिंतींचा घेर २८ फूट, सात फूट उंचीपर्यंत लावल्या तर १९६, त्यातून दाराचे साडेसतरा वजा, दहा टक्के अधिक. एक बाय दीडच्या सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये ८.७ चौरस फूट धरले तर २३ बॉक्स लागतील. बॉक्समध्ये किती नग आहेत ते कंपनीप्रमाणे बदलतं, तेवढं वाचून घ्या. सगळे बॉक्स एकाच वेळी आणा आणि प्रत्येकावरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. भट्टी बदलली की रंगात फरक पडतो. तो दुकानातल्या दिव्यांखाली कळत नाही, घरी खिडकीच्या उजेडात लगेच कळतो. उरलेल्या चार-पाच टाइल्स परत देऊ नका, माळ्यावर ठेवा. पुढे नळ दुरुस्तीला एखादी फोडावी लागली तर तसलीच दुसरी बाजारात मिळत नाही.

फोडाफोडी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंना घेऊन जुन्या बाथरूममध्ये जा. फरशी कोरडी करून घ्या, आणि त्यांना दारातून आत येताना, स्टुलावर बसताना आणि उठताना बघा. जिथे जिथे त्यांचा हात आधारासाठी आपोआप भिंतीकडे जाईल, ती उंची टेपने मोजा आणि दारापासूनचं अंतर वहीत लिहा. बहुतेक पावणेतीन ते तीन फुटांच्या दरम्यान भरेल. तिथे स्टीलचा आडवा दांडा येणार आहे हे मिस्त्रीला टाइल लावण्याआधी सांगा, म्हणजे त्या जागेच्या मागे तो पोकळी ठेवणार नाही आणि दांड्याचे बोल्ट विटेत पक्के बसतील.